शेऱ्याचा रकाना

तिसगावात आणि कारखान्याच्या जुन्या माणसांत एक गोष्ट अजून सांगितली जाते. एका ड्रायव्हरच्या बायकोच्या छातीत कळ आली, तरी त्यानं शेडातली गाडी काढली नाही. का, तर गाडी दुसऱ्याची होती. ऐकणारे चुकचुकतात. कुणी म्हणतं माणूस वेडा होता, कुणी म्हणतं बायकोपेक्षा गाडी जपली.

त्या गोष्टीतली गाडी माझी होती. ती का निघाली नाही हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. तो कुणाला बोलला नाही. मी सात वर्षं सांगायचं टाळलं. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही, ज्याची ही गोष्ट त्याची मुलगी समोर उभी राहून विचारत होती तेव्हा तर नाहीच. आता तो गेला. मी गप्प राहिलो तर ही गोष्ट त्याच्या नावावर कायमची बसेल. म्हणून लिहितो.

मी साखर कारखान्याच्या वाहन विभागात लॉगबुक क्लार्क होतो. एकतीस वर्षं एकच काम. जीप फाटकातून बाहेर जाताना आणि आत येताना मीटरचा आकडा नोंदवायचा. ड्रायव्हरनं खाली वाकून आकडा मोठ्यानं वाचायचा, मी लिहायचा, त्यानं सही करायची. वहीत रकाने आखलेले असत: कुठून, कुठं, जातानाचा आकडा, येतानाचा आकडा, फरक आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद होता आणि तोच बहुतेक रिकामा असे.

त्या जीपवर जो ड्रायव्हर होता त्याला सगळे वस्ताद म्हणत. मीही. तो मला भाऊसाहेब म्हणे. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी तिसगावच्या कडेला शेजारी शेजारी प्लॉट घेतले. मध्ये एक कमरेइतकी भिंत. त्याच्याकडे एक म्हैस, एक पत्र्याचं शेड आणि लग्न होऊन मिरजगावला गेलेली एक मुलगी. माझ्याकडे कॅनडातला मुलगा आणि निवृत्तीच्या पैशातून घेतलेली एक छोटी पांढरी गाडी.

गाडी हिच्या हौसेची. आमची ही आयुष्यभर एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून मळमळ काढत फिरली होती. गाडी आल्यावर म्हणाली, "आता मी कायम पुढंच बसणार." आणि बसली. सात वर्षं त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नाही. मुलगा सुट्टीला आला तरी त्याला मागं बसावं लागे. समोरच्या कप्प्यात तिची लवंगांची डबी, रुमाल आणि चार-पाच टाचण्या. ती गेली त्यानंतर मी तो कप्पा उघडला नाही. सीट मागंपुढंही केली नाही. ती ठेंगणी होती, तिनं सीट पुढं सरकवून ठेवली होती, तशीच राहिली.

ही गेल्यानंतर दोन वर्षं मी एकटा काढली. सकाळी भिंतीपलीकडून वहिनी, म्हणजे वस्तादाची बायको, हाक मारायची, "भाऊजी, च्या झाला का?" झाला असला तरी मी नाही म्हणायचो. तेवढाच एक कप कुणाबरोबर. मग मुलानं ठरवलं की मी तिकडं यायचं. आधी हिवाळाभर राहून बघा, जमलं तर कायमचं करू. तिकीट गणपतीनंतरचं निघालं.

आणि गाडीचा प्रश्न आला.

"अण्णा, विकून टाका," मुलगा व्हिडिओवर म्हणाला. "उभी गाडी सडते. बॅटरी जाते, टायर बसतात, उंदीर वायरी खातात."

"परत आलो तर?"

"परत आलात तर दुसरी घेऊ."

त्याचं बरोबर होतं. पण गाडी विकली की परत यायचं एक कारण कमी होणार होतं, आणि कारणं आधीच फार उरली नव्हती. हे मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, बघतो.

घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारा एक जण जुन्या गाड्याही घ्यायचा. त्याला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. वस्ताद भिंतीवर कोपर टेकून बघत होता.

"दात बघताय व्हय?" तो म्हणाला. "आजून चार दातावर हाय. खायाला कमी, कामाला वाघ."

व्यापारी हसला नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली. बैलांचा सौदा बाजारात असाच होतो, बोटांच्या खुणांनी, चारचौघांना न कळता. मला त्या खुणा येत नव्हत्या. त्यानं दोन बोटं दाबली, सोडली, मग एक दाबलं. मी हात तसाच राहू दिला. खूप दिवसांत कुणी माझा हात इतका वेळ धरला नव्हता.

"काय ते बोला की," तो शेवटी वैतागला.

"विचार करून कळवतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कशाला इकता भाऊजी? आमच्या शेडात ऱ्हाऊ द्या. म्हशीच्या शेजारी. म्हशीला तेवढीच सवत."

"म्हैस शिंग मारंल," वस्ताद म्हणाला.

"तुमाला मारलं का इतक्या वर्सांत? मग गाडीला काय मारती."

आम्ही तिघंही हसलो. वस्ताद म्हणाला, "ठिवा. ऐतवारच्या ऐतवारी चालू करतो. जरा गावाबाहेर फिरवून आनतो, मंजी टायर बसायची न्हाईत. घरच्यावानी बघतो."

"आन मी फुडच्या शिटावर बसून मोहट्याला जाऊन येते देवीला," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी न्हाईत तवर मज्जा करून घेऊ."

गमतीत म्हणाल्या होत्या. मी हसलोही. पण घरात आलो आणि ते वाक्य माझ्याबरोबर आत आलं. पुढच्या सीटवर. मला दिसलं की वहिनी दार उघडून बसतायत, सीट मागं सरकवतायत, कप्पा उघडून ही डबी कसली म्हणून बघतायत. वहिनींनी माझ्या बायकोच्या आजारपणात तिची वेणी घातली होती. तिला त्यांच्याइतकं कुणी केलं नाही. तरी मला ते सहन होईना. सरळ म्हणता आलं असतं, वहिनी, तेवढी एक सीट तिच्यासाठी राहू द्या. त्या समजल्या असत्या. कदाचित रडल्या असत्या. पण इतकं साधं वाक्य बोलायची मला सवय नव्हती. मला सवय होती ती वेगळ्या गोष्टीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादानं गाडी शेडात नेली, वर टाकायला जुनी ताडपत्री काढून ठेवली. जाण्याआधी मी खिशातून छोटी डायरी काढली. रात्री तिच्यात पट्टीनं रकाने आखून ठेवले होते. तारीख, आकडा, सही, शेरा. शेरा का आखला माहीत नाही. हात आपोआप गेला.

"वस्ताद," मी म्हणालो, "फिरवू नका. जागेवरच चालू करा, दहा मिनिटं. गाडी हलवायची नाही."

"बरं."

"जरा आकडा वाचता?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग डायरी दिसली. तो ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला आणि फाटकावर वाचायचा तसा, एकेक आकडा सुटा करून, वाचला. "चार. एक. दोन. शून्य. सहा."

मी लिहिलं. एकेचाळीस हजार दोनशे सहा. डायरी आणि पेन पुढं केलं.

"सही?" तो म्हणाला.

मी डायरी पुढंच ठेवली. त्यानं गाडीच्या टपावर टेकवून सही केली. सही करताना तो किंचित हसला, आणि ते हसू काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. उगाच नंतर कळलं असं म्हणत नाही. ते कळायला मागचं एक सांगावं लागेल.

कारखान्यात असताना एका हंगामात वस्ताद जीप घेऊन फॉरेस्टच्या कडेच्या उसाच्या फडावर गेला होता. तिथं कोपीत, पाचटाच्या खोपटात, एक ऊसतोडीची बाई अडली होती. त्यानं तिला आणि तिच्या सासूला जीपमध्ये घातलं, तालुक्याच्या दवाखान्यात सोडलं आणि मग कारखान्यावर आला. बाई आणि मूल दोन्ही वाचलं. फाटकावर त्यानं मला सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या हाताला रक्त होतं, ते त्यानं पुसलंही नव्हतं. मी ऐकलं, आकडा लिहिला, ठरलेल्या रस्त्यापेक्षा बावीस किलोमीटर जास्त आले होते. फरकाच्या रकान्यात बावीस लिहिलं. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला. त्यात मी एवढंच लिहायचं होतं, "अडलेली बाई, दवाखाना." पण लिहिलं असतं तर वरच्या साहेबानं मला विचारलं असतं की हे तुला कुणी सांगितलं, तू खात्री केलीस का. नुसता आकडा लिहिला की मला कुणी काही विचारणार नव्हतं. वस्तादाला मेमो मिळाला. त्याला जीपवरून काढून दोन हंगाम मळीच्या टँकरवर टाकलं. त्यानं मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाला, "भाऊसाहेब, लिवलेला आकडा लई वंगाळ. त्याला कारन दिसत न्हाई."

हा माणूस माझ्या गाडीच्या टपावर सही करत होता. मला माहीत होतं की आता ही गाडी कुणाच्याही बापासाठी हलणार नाही. मला तेच हवं होतं.

कॅनडात मुलाचं घर मोठं आहे. मला खालच्या मजल्यावरची खोली. सकाळी सगळे जातात, नातवंडं दारात बूट चढवत "बाय आजोबा" म्हणतात, मग संध्याकाळपर्यंत घरात फक्त घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा आवाज. पहिल्या बर्फात मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग आत आलो. कुणाला सांगावं असं वाटलं, तर घरात कुणी नव्हतं. पुढं मी बर्फ बघायला उठणं सोडलं.

दर शनिवारी संध्याकाळी जेवताना फोन वाजायचा. तिकडं रविवारची सकाळ उजाडलेली असायची. वस्ताद व्हिडिओ लावून गाडीवरची ताडपत्री काढायचा, चावी फिरवायचा आणि फोन बॉनेटजवळ धरायचा.

"ऐका भाऊसाहेब. घड्याळावानी चालतीया."

मागं म्हैस हंबरायची. वहिनींचा आवाज यायचा, "भाऊजी, थंडी लई हाय का? काय खाता?" मी डाळ-भात म्हणायचो. त्या म्हणायच्या, "भाकरी मिळत न्हाई का तिकडं? मग कशाला गेलात." दहा मिनिटं इंजिन चालायचं. मुलगा नि सून समोर जेवत असायची, मी कानाला फोन लावून इंजिनाचा आवाज ऐकत असायचो. आठवड्यात मला ऐकू येणारं तेवढंच मराठी जिवंत होतं असं वाटायचं.

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात मंगळवारी फोन आला. वाराला धरून नाही म्हणून मी दचकलो.

"भाऊसाहेब, वहिनी गेल्या तुमच्या."

"काय झालं?"

"छातीत कळ आली. नगरला न्येत हुतो. करंजीच्या घाटात..." मी मग नेहमी बोलतात ते बोललो. धीर धरा, देवापुढं कुणाचं चालत नाही. गाडीचा विषय त्यानं काढला नाही. माझ्या मनात आला. खरं सांगतो, पहिल्याच मिनिटाला आला. कशातून नेलं, हे विचारायला जीभ उचलली आणि मी ती खाली ठेवली.

त्या रविवारी फोन येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आला. वहिनींना जाऊन पाचवा दिवस होता, घरात सुतक. त्यानं ताडपत्री काढली, चावी फिरवली, फोन बॉनेटजवळ धरला. मागं म्हैस होती, हाक नव्हती. मी दहा मिनिटं ऐकलं. थांबवा म्हणालो नाही.

उन्हाळ्यात परत आलो. मुलानं माझे तिकडं कायमचं राहायचे कागद करायला घेतले होते. घर, गाडी, सगळ्याचा निकाल लावून या, असं त्याचं म्हणणं. तिसगावला उतरलो तेव्हा वस्ताद अंगणात बाजेवर बसला होता. निम्मा झाला होता. त्याची मुलगी मिरजगावहून आली होती, पण बापाशी बोलत नव्हती. ताट ठेवायची आणि वळायची. माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

"काका, एक इचारायचं हाय. बाबांच्या म्होरंच इचारते."

"विचार की."

"आय गेली त्या दिवशी मी इथंच होते. दुपारी जेवून बसलो आन आयला घाम फुटला. ती म्हणाली पित्त झालंय, सोडा पिते. मग हात दुखाया लागला. मी म्हणले, बाबा, गाडी काढा. चावी खिळ्याला होती. बाबा म्हणले, ती गाडी न्हाई. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसरं पेशंट घेऊन नगरला गेल्ती. मग बाबा रस्त्यावर पळत गेले, ष्टँडवर जीप बघाया. चाळीस मिनिटं, काका. चाळीस मिनिटं मी आयला मांडीवर घेऊन त्या शेडाकडं बघत बसले होते. शेवटी बाबांनी ताडपत्री ओढली, तर तवर जीप दारात आली."

वस्ताद खाली बघत होता. हाताच्या नखानं बाजेची सुतळी खरवडत होता.

"आख्खं गाव म्हणतंय, म्हाताऱ्यानं बायकोपरीस गाडी जपली. मी बाबांना इचारलं, का न्हाई काढली, तर सांगत न्हाईत. नुसतं म्हणतात, दुसऱ्याची ठेव होती. काका, तुमी सांगितलं होतं का त्यांला, गाडी हालवायची न्हाई म्हणून?"

डायरी माझ्या शर्टाच्या खिशात होती. प्रवासात कागदपत्रांबरोबर तीही होती. तिचा कोपरा मला छातीला लागत होता.

मी म्हणालो, "मी कशाला असं सांगेन, बाळ? चावी तर त्यांच्याकडंच दिली होती."

वस्तादानं मान वर केली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. कारखान्यात फाटकावर बावीसचा आकडा लिहिताना पाहिलं होतं तसंच. तो एक शब्द बोलला असता, सहीचा, तर संपलं असतं. त्यानं मुलीला सांगितलं, "काकांना च्या टाक."

मुलगी आत गेली. भांडं जोरात आदळल्याचा आवाज आला. तिच्या मनात जो थोडा संशय होता, जो बापाच्या बाजूचा होता, तो मी पुसून टाकला होता.

वस्ताद उठला. खिळ्यावरची चावी घेतली. "चला," म्हणाला.

शेडात गेलो. त्यानं ताडपत्री काढली. गाडी धुऊन ठेवलेली होती, काचेवर धूळसुद्धा नाही. त्यानं दार उघडलं, चावी अर्धी फिरवली, बाजूला झाला.

"वाचा भाऊसाहेब."

"राहू दे, वस्ताद."

"वाचा. लिवून घ्या."

मी वाकलो. पुढची सीट तशीच पुढं सरकवलेली होती. कप्पा बंद. मी आकडा वाचला. एकेचाळीस हजार दोनशे सहा.

"फरक न्हाई ना?" तो म्हणाला.

"नाही."

"मंग झालं," म्हणाला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

नंतर मी त्याला म्हटलं की गाडी तुम्हीच ठेवा, मला पैसे नकोत, नावावर करून देतो. तो म्हशीपुढं कडबा टाकत होता. हातातली पेंडी न सोडता म्हणाला, "आता कुठं जायाचंय मला." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घोडेगावच्या व्यापाऱ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी टॉवेल नाही, काही नाही, तो जे म्हणाला ते मी मान्य केलं. देण्याआधी समोरचा कप्पा उघडून डबी, रुमाल, टाचण्या काढून घेतल्या. लवंगांना वास राहिला नव्हता. व्यापारी बसला आणि पहिली गोष्ट त्यानं ही केली की शेजारची सीट खाडकन मागं ढकलली आणि तिच्यावर आपली पिशवी ठेवली. गाडी नगरच्या रस्त्याला लागली. वस्ताद भिंतीपाशी उभा होता. आमच्यात ती कमरेइतकी भिंत होती, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिकडंच बघत राहिलो, म्हणजे एकमेकांकडं बघायला नको.

पुढचे आठ-दहा दिवस मी तिथंच होतो. घर भाड्यानं द्यायचं होतं. चहाच्या टपरीवर एकदा कुणीतरी माझ्यासमोर तीच गोष्ट काढली. "तुमच्या गाडीपायी म्हातारी गेली म्हनायची, भाऊसाहेब." दुसरा म्हणाला, "ह्यांचा काय दोस? ह्यो वस्तादच कवडीचुंबक. गाडी झिजंल म्हनून जपत बसला." सगळे माझ्याकडं बघत होते. मी चहा संपवला आणि उठलो. तिथंही एक रिकामा रकाना होता.

निघताना टॅक्सी दारात होती. वस्ताद बॅग उचलून देत होता. मी म्हटलं, "वस्ताद, एक बोलायचं होतं." तो थांबला. खरंच थांबला, बॅग खाली ठेवून, हात मोकळे करून. मी म्हणालो, "तब्येतीला जपा." तो म्हणाला, "व्हय."

त्यानंतर गाडी नव्हती तरी रविवारचा फोन चालू राहिला. आता मी करायचो. तो म्हैस दाखवायचा, पुढं म्हैस विकली तेव्हा रिकामं शेड दाखवायचा. मुलगी येते का विचारलं की म्हणायचा, "येईल कवातरी." दर शनिवारी जेवण झालं की मी खाली खोलीत जायचो, वाक्य जुळवून ठेवायचो आणि मग फोन लावायचो. शेवटच्या वेळी तो खोकत होता. मी जुळवलेलं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

"बोला की भाऊसाहेब. आवाज येतोय मला."

मी म्हणालो, "इकडं बर्फ पडतोय."

"लई थंडी आसंल," तो म्हणाला. "कानाला बांधा."

तेरा दिवसांनी मुलीचा मेसेज आला, बाबा गेले. मी तिला लिहिलं, फार भला माणूस होता. हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. डायरी माझ्या टेबलावर आहे. तारीख, आकडा, त्याची सही. शेवटचा रकाना रिकामा. त्या पानाचा फोटो आणि हे सगळं मी मिरजगावला पाठवतो आहे. तिनं वाचून मला काय म्हणायचं ते म्हणावं.

शेवटच्या फोनच्या त्या शनिवारी जे वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते असं होतं.

वस्ताद, गाडी हलवायची नाही असं मीच तुम्हाला सांगितलं होतं, वर तुमची सही घेतली होती, आणि तुमच्या मुलीसमोर मी खोटं बोललो. वहिनींना पुढच्या सीटवर बसवून न्यायला हवं होतं. मला माफ करा.